दादाची 'खेळणी'

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत आणि प्रत्येक गल्लीत एक तरी नादखुळा असतोच. आमच्या गल्लीतला आमच्याच घरात राहतो! दादा दिवसभर उद्यमनगरात मशीनवर आणि रात्री माळ्यावर, बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापत. रिमोटवर उडणारं विमान. आठ महिन्यांचं काम. पगारातले किती गेले, ते विचारायचं नाही. पप्पांचा यावर एकच शब्द, 'खेळणी'. सध्या दादासाठी स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे त्यापुढे अजून एक वाक्य, ''पोरीकडच्यांना काय सांगायचं?''

मग एका रविवारी शो ठरला, शहराबाहेरच्या एका कॉलेजच्या मैदानावर. आमच्या भागाला ज्यांचं नाव, त्या राजाराम महाराजांच्या काळात १९३९ सालीच कोल्हापूरला विमानतळ आला. पण आता त्याच विमानतळामुळे जवळपास वाटेल तसं काही उडवता येत नाही. २०२१चे ड्रोन नियम या मॉडेल्सनाही लागू आहेत.

मी पप्पांना जवळजवळ ओढतच नेलं. ताडपत्रीवर ओळीनं विमानं, थर्माकोलसारख्या फोमची जेट्स, धुरळा उडवत पळणाऱ्या गाड्या. इंजिनवाल्या मॉडेल्सच्या इंधनात मिथेनॉलबरोबर एरंडेलही असतं, त्यामुळे धुराला लहानपणीच्या जुलाबाच्या औषधाचा वास! एकानं हेलिकॉप्टर चक्क उलटं उडवलं. पब्लिक फुल खूश.

खरी गोची मात्र साध्या विमानात असते. ते लांब जाताना ठीक, पण तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. यावर दादाची युक्ती सोपी आहे, जो पंख झुकलाय त्याच बाजूला स्टिक ढकलायची. ऐकायला सोपी, म्हणजे! शंभर लोक बघत असताना करून बघा.

दादाचं विमान सुंदर उडालं. दोन चकरा, एक लूप. पप्पा डोळ्यांवर हात धरून वर बघत होते, तोंड किंचित उघडं. उतरायला वळताना वेग पडला, एक पंख झुकला आणि युक्ती करण्याइतकी उंचीच उरली नव्हती. शेजारच्या उसात खडखड आवाज. कुणीतरी हसलं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

दादानं आधी थ्रॉटल शून्यावर आणला, मग उसात शिरला. पहिल्यांदा बॅटरी काढून लांब मोकळ्या जागेत ठेवली. लिथियमची बॅटरी चेपली असेल तर नंतरही पेट घेऊ शकते. मग एकेक तुकडा गोळा केला. चेहऱ्यावर काहीच नाही. मला मात्र रडू येत होतं.

पप्पा चप्पल हातात घेऊन चिखलातून त्याच्या मागे गेले. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मोटर उचलली, डोळ्याजवळ धरून शाफ्ट फिरवला.

''वाकलाय. सरळ करून उपयोग न्हाई,'' म्हणाले, ''नवाच करूया. किती एमएमचा हाय ह्यो?''

''चार,'' दादा म्हणाला.

परतताना गाडीत दोघं शाफ्टवरच बोलत होते. पंख माझ्या मांडीवर होता, उसाचं पातं अडकलेला.