पहिला चेंडू कोणाचा?

गॅदरिंगच्या क्रिकेट स्पर्धेत गेली दोन वर्षं आमच्या डिपार्टमेंटचा पहिला चेंडू मी टाकत आलो. तसं यात फार मोठं काही नाही. टेनिस बॉल, खडबडीत ग्राऊंड, आणि प्रेक्षक म्हणजे हॉस्टेलच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालणारी मंडळी. पण सबमिशनला शेवटचा, व्हायवाला शेवटचा आणि मेसच्या रांगेतही शेवटचा असणाऱ्या माणसाला एका तरी ठिकाणी पहिला नंबर मिळाला की बरं वाटतं!

शिवाय माझं एक खाजगी कारण होतं. मी कॉन्व्हेंटचा. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं की दंड. त्यामुळे फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो तेव्हा माझं मराठी ऐकून अख्खी विंग हसायची. ‘एकोणसत्तर’ म्हणजे किती हे मला बोटांवर मोजूनही कळायचं नाही. सगळे मला ‘साहेब’ म्हणायचे, आणि ते मानानं नव्हतं हे वेगळं सांगायला नको. मग एका संध्याकाळी ग्राऊंडवर एक बॉलर कमी पडला म्हणून मला बोलावलं. मी काही न बोलता चेंडू टाकला. मिडल स्टंप उडाला. त्या रात्री मेसमध्ये पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

तर असा तो पहिला चेंडू. आणि या वर्षी पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी गरम पाण्याची बादली घेऊन जिना उतरताना मी घसरलो. पोटरीत अशी चमक भरली की डोळ्यांसमोर तारे. डॉक्टर म्हणाले, “तीन आठवडे पळायचं नाव काढू नकोस.” नवा चेंडू सेकंड इयरच्या एका काडीपैलवान ज्युनियरच्या हातात गेला आणि त्या पठ्ठ्यानं चार ओव्हरमध्ये पाच विकेट काढल्या! गॅलरीतून नुसता दंगा. मी बाउंड्रीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होतो. मॅच संपल्यावर तो धावत आला, “दादा, कसं वाटलं?” मी “छान” म्हणालो. मेसच्या कोबीला आपण ज्या सुरात छान म्हणतो, त्याच सुरात.

पुढचे दिवस कॉटवर गेले. इंजिनिअरिंग मॅथ्सच्या दोन जाडजूड पुस्तकांवर पाय टेकवून (या पुस्तकांचा इतका उपयोग पहिल्यांदाच झाला) मोबाईलवर रेकॉर्ड्स वाचत पडायचं. मला याद्या वाचायचा नाद आहे. क्रिकेटच्या याद्या संपल्यावर बेसबॉलवर आलो, आणि लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन संघाच्या एका यादीत अडकलो. दरवर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी पहिला चेंडू कोणी टाकला, त्याची ती यादी.

बेसबॉलमध्ये गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. (आपल्याकडे स्टंप ते स्टंप अंतर सहासष्ट फूट.) मॅच सुरू करणारा पिचर दमेपर्यंत टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. म्हणून संघाकडे असे साधारण पाच जण असतात आणि ते आळीपाळीनं येतात. मोसमात १६२ मॅचेस. हिशेबानं पहिली मॅच १६२ मधली एकच, पण त्या दिवशी कोणाला उभं करायचं यात मॅनेजर न बोलता सांगून टाकतो की यंदा आमचा नंबर एक कोण. म्हणून त्या दिवसाचा मान मोठा.

डॉजर्स मूळचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. १९५८ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. नव्या गावाच्या नावावरची पहिली मॅच डॉन ड्रायस्डेलनं सुरू केली आणि सॅन फ्रान्सिस्कोनं ती ८-० अशी जिंकली. असा मुहूर्त लागूनही पुढे हा मान त्याला एकूण सात वेळा मिळाला. मुहूर्तावर विश्वास ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी! १९६२ मध्ये नवीन डॉजर स्टेडियम उघडलं, तेव्हा जॉनी पॉड्रस उभा होता. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी, निर्णायक मॅच जिंकून ब्रुकलिनला त्याचं एकमेव विजेतेपद मिळवून देणारा हाच. तोही त्या दिवशी हरला.

सॅंडी कोफॅक्सला अनेक जण आजवरचा सर्वोत्तम डावखुरा पिचर मानतात. त्याचं नाव या यादीत किती वेळा असेल? फक्त एकदा, १९६४ मध्ये! १९६६ मध्ये त्यानं आणि ड्रायस्डेलनं मिळून पगारवाढीसाठी संप पुकारला. मागणी बरीचशी मान्य झाली, पण सराव बुडाल्यामुळे पहिला दिवस क्लॉड ऑस्टीनकडे गेला. त्याच वर्षाअखेर कोपराच्या संधिवातामुळे कोफॅक्स तिशीतच निवृत्त झाला. याउलट डॉन सटनचं नाव १९७२ ते १९७८ सलग सात वर्षं, आणि क्लेटन कर्शॉचं २०११ ते २०१८ सलग आठ वर्षं. त्यातलं २०१४ चं उद्घाटन चक्क सिडनी क्रिकेट ग्राऊंडवर झालं, म्हणजे २००४ मध्ये सचिननं नाबाद २४१ केले तिथेच. २०१३ मध्ये तर कर्शॉनं पहिल्याच दिवशी समोरच्या संघाला एकही रन करू दिला नाही आणि स्वतः होमरनही मारला. २०२१ चं धरून त्याचे नऊ झाले. २०२५ मध्ये तो निवृत्त झाला.

पण माझी नजर अडकली ती १९८१ वर. तिथे नाव होतं फर्नांडो व्हॅलेन्झुएला. वय वर्षं वीस. माझ्याएवढा!

मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातल्या एका लहानशा खेड्यातलं शेतकरी कुटुंब, बारा भावंडांत हा शेंडेफळ. शरीर गुटगुटीत, खेळाडू वाटणार नाही असं. चेंडू फेकताना मध्येच नजर आकाशाकडे. इंग्रजी येत नव्हतं. पत्रकार परिषदेत स्पॅनिश समालोचक हायमे हारीन त्याच्यासाठी दुभाष्या व्हायचे. त्याचं अस्त्र ‘स्क्रूबॉल’. मनगट उलट्या दिशेनं फिरवून टाकलेला हा चेंडू नेहमीच्या वळणाच्या विरुद्ध जातो. आपल्या गुगलीचा लांबचा नातेवाईक म्हणा.

९ एप्रिल १९८१ ला ह्यूस्टनविरुद्ध पहिला चेंडू खरं तर त्याचा नव्हताच. तो आयत्या वेळचा माणूस. मॅनेजर टॉमी लसोर्डांनी त्याला उभं केलं आणि त्यानं पूर्ण मॅच एकट्यानं टाकून २-० अशी जिंकून दिली. पुढच्या सातही जिंकल्या. पहिल्या आठांपैकी पाचांत समोरच्यांना एकही रन नाही! सगळं शहर वेडं झालं. त्याला ‘फर्नांडोमॅनिया’ असं नावच पडलं. याला एक हळवी बाजूही होती. डॉजर स्टेडियम ज्या टेकडीवर आहे तिथे पूर्वी मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती होती. सरकारी घरं बांधायची म्हणून पन्नासच्या दशकात त्यांना उठवलं, घरं बांधलीच नाहीत, आणि जागा शेवटी स्टेडियमला गेली. अनेक मेक्सिकन घरांत या स्टेडियमचं नाव काढलेलं चालत नसे. त्यांना तिथे आणलं ते या इंग्रजी न येणाऱ्या पोरानं. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर हे दोन्ही किताब त्यानं पटकावले. असं एकाच वर्षी करणारा तो आजवर एकटाच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला.

वाचताना मी खूश होतो. भाषा येत नाही, चेंडू टाकता येतो... अरे, हा तर मीच! आणि मग पुढची ओळ वाचली. त्या दिवशी ज्याची पाळी होती त्या जेरी रॉइसला आदल्या दिवशी दुखापत झाली होती. कुठे? पोटरीला!

मी मोबाईल छातीवर ठेवला आणि पंख्याकडे बघत राहिलो. या गोष्टीत मी फर्नांडो नव्हतोच. फर्नांडो म्हणजे आमचा तो काडीपैलवान. मी जेरी रॉइस.

आता फर्नांडोवर लिहिणारे ढीगभर आहेत, म्हणून मी रॉइसच्या मागे लागलो. हा काही ऐरागैरा नव्हता. आदल्याच वर्षी, १९८० मध्ये, त्यानं अठरा मॅचेस जिंकल्या होत्या आणि एका मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट मिळू दिला नव्हता. म्हणजे तो मान त्यानं कमावलेला होता आणि एका स्नायूपायी गेला. मग बुवा काय केलं त्यानं? रुसून बसला? पोटरी बरी झाल्यावर तो आपल्या पाळीला येऊन टाकत राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेची पाचवी, निर्णायक मॅच त्यानं एकही रन न देता जिंकली. मग न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीज. दोन मॅचेस हरलेल्या डॉजर्सची तिसरी फर्नांडोनं १४७ चेंडू टाकून वाचवली, आणि दोन-दोन अशा बरोबरीनंतरची पाचवी रॉइसनं शेवटपर्यंत टाकून २-१ अशी जिंकली. एकाच वर्ल्ड सिरीजला दोघांचे हात लागले. आणि यादीत १९८१ च्या खालचं, १९८२ चं नाव? जेरी रॉइस!

त्या रात्री ज्युनियर रूमवर आला, मेसमधून माझा डबा घेऊन. दाराशीच घुटमळत होता. मी म्हटलं, “बस. तुझा पुढचा पाय क्रीजच्या बाहेर पडतोय, फायनलला अंपायर सोडणार नाही.” तो एकदम कॉटवर येऊन बसला आणि आम्ही रात्री एक वाजेपर्यंत रनअप मोजत होतो, फरशा धरून. सोळा फरशा. एकोणसत्तर असत्या तर माझी पंचाईत झाली असती!

फायनल आम्ही हरलो. त्याचा एकही नो-बॉल पडला नाही. त्याला शाबासकी देताना सूर कोबीचा नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगतो.

पुढच्या वर्षी पहिला चेंडू कोणाचा ते कॅप्टन ठरवेल. बेसबॉलमध्ये उभं राहायला एकच उंचवटा असतो. आपल्याकडे सोय चांगली आहे. नवा चेंडू दोन्ही टोकांनी टाकता येतो. पोटरी आता ठीक आहे.