पटावरील नांवें

मनुष्य आपल्या आयुष्यांत अनेक ठिकाणीं सभासद होतो. कांहीं सभासदत्वें जन्मानेंच मिळतात. घराण्याचें, गांवाचें, भाषेचें. कांहीं वर्गणी भरून मिळतात, ग्रंथालयाचें, पतपेढीचें. परंतु कांहीं थोडीं अशीं असतात कीं, तीं मिळविण्यासाठीं स्वतःहून एक पाऊल पुढें टाकावें लागतें, आणि तें टाकल्यावर पैशांऐवजीं वेळ, श्रम व शिस्त यांची मागणी होते. अशा एका सभासदत्वाविषयीं चार शब्द लिहावे, असें बरेच दिवस मनांत होतें. तें म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेचें.

आपल्या पटांगणावर शनिवारीं सकाळीं निळ्या टोप्या घातलेले विद्यार्थी व विद्यार्थिनी कवाईत करतांना सर्वांनीं पाहिले आहेत. हीं मुलें मोठेपणीं वैमानिक होणार काय, या नादानें अभ्यास मागें पडत नाहीं ना, असे प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात. मी स्वतः याच पटांगणावर, याच पथकांत उभा होतों, आणि गेलीं कांहीं वर्षें त्याची देखरेख माझ्याकडे आहे. त्यामुळें या प्रश्नांचें उत्तर देण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असें समजतों.

मुलांना विमानविद्येची गोडी लावून त्यांचीं स्वयंसेवी पथकें उभारावीं, ही कल्पना फार जुनी नाहीं. इंग्लंडमध्यें १९३८ सालीं 'एअर डिफेन्स कॅडेट कोर' निघाली, आणि तिच्यांतूनच १९४१ च्या फेब्रुवारींत 'एअर ट्रेनिंग कोर' जन्मास आली. अमेरिकेंत त्याच वर्षीं १ डिसेंबरला 'सिव्हिल एअर पॅट्रोल' स्थापन झाली व पुढल्या वर्षीं तिनें मुलांनाही आपल्यांत घेतलें. हीं सर्व पथकें युद्धाच्या छायेंत वाढलीं. आपल्याकडील गोष्ट किंचित् निराळी. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ सालीं कायदा होऊन राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वांत आली. म्हणजे ती स्वतंत्र देशाच्या अगदीं पहिल्या लेकरांपैकीं एक होय. दुसऱ्याच वर्षीं मुलींची शाखा निघाली. १ एप्रिल १९५० रोजीं हवाई शाखा सुरू झाली; तिचीं पहिलीं दोन पथकें मुंबई व कलकत्ता येथें उभीं राहिलीं. छात्रसेनेच्या ध्वजावर तीन रंग आहेत: तांबडा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. तिन्हींत हवाई शाखा लहानच. म्हणून ज्या शाळेला ती लाभली, तिनें ती जपली पाहिजे.

या इतिहासांतील एक प्रकरण मला विशेष विचार करण्याजोगें वाटतें. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर, १९६३ सालीं, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. संख्या अर्थातच अफाट वाढली. परंतु पांच वर्षांनीं, १९६८ सालीं, ती पुन्हां ऐच्छिक झाली. शासनाचीं कारणें कांहींही असोत. शिक्षक या नात्यानें मला त्यांत एक तथ्य दिसतें. सक्तीनें रांगेंत उभा केलेला मुलगा घड्याळाकडे पाहतो; आपखुषीनें उभा राहिलेला मुलगा शेजाऱ्याकडे पाहतो. आणि शेजाऱ्याकडे पाहणें हाच कवाईतीचा पहिला पाठ आहे.

१९९३ सालीं मी आठवींत असतां माझी निवड झाली. आम्हां मुलांची उंची मोजली, छाती मोजली, आणि मग आमच्या अधिकारी सरांनीं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "कशासाठीं येतोस?" प्रत्येकानें एकच उत्तर दिलें, "विमान चालवायला." सर हंसले व म्हणाले, "विमान मिळेल किंवा न मिळेल. बूट मात्र रोज पुसावे लागतील." त्यांचें भाकित तंतोतंत खरें ठरलें.

तथापि नुसतीं बुटांवर दिवस गेले असें नाहीं. वायुदलाचे एक सार्जंट आम्हांला शिकवावयास येत. विमानावर चार शक्ति काम करतात, वर उचलणारी, खालीं ओढणारी, पुढें नेणारी आणि मागें रोखणारी, हें त्यांनीं फळ्यावर चार बाण काढून सांगितलें. पंखाच्या आकारामुळें व त्याच्या किंचित् वर उचललेल्या कलामुळें वारा खालीं लोटला जातो, पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी व खालच्या बाजूस अधिक राहतो, आणि विमान वर उचललें जातें, हें आम्हीं तेव्हां पाठ केलें. परंतु समजलें तें बाल्साच्या हलक्या लाकडाचें लहानसें ग्लायडर स्वतः करून फेंकल्यावर. शेपटीकडे वजन अधिक झालें कीं तें नाक वर करून थबके व कोसळे. नाकाला मातीची लहानशी गोळी चिकटविली म्हणजे तेंच ग्लायडर संथपणें तरंगत पटांगणाच्या कडेपर्यंत जाई. पुस्तकांतील विज्ञान आणि हातांतील विज्ञान यांची गांठ माझ्या आयुष्यांत त्या मातीच्या गोळीनें घालून दिली. आज वर्गांत शिकवितांना तिचा उपयोग मला पदोपदीं होतो.

आणि विमान? तेंही एकदां मिळालें, पण इंजिनावांचून. महाविद्यालयांत असतां आम्हांला पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर नेण्यांत आलें. दूरवरच्या यंत्रानें लांबलचक तार गुंडाळावयास आरंभ केला. ग्लायडर धांवूं लागलें आणि पाहतां पाहतां पतंगासारखें उभें चढलें. वर गेल्यावर शिक्षकांनीं तार सोडली, आणि एकाएकीं सर्व शांत झालें. पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा सळसळाट तेवढा ऐकूं येत होता. खालीं शेतें, रस्ता, लोहमार्ग, आणि मुठींत मावतील अशीं घरें. सातआठ मिनिटांत आम्ही परत जमिनीवर होतों. हवाई शाखेंतील माझ्या पांच वर्षांचा हिशेब मांडला, तर आकाशांत गेलेला वेळ एवढाच. बाकी सर्व वेळ जमिनीवर, रांगेंत गेला. पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, व मुलांनीं तर अवश्य ठेवावी.

त्या रांगेंत माझ्या उजव्या हाताला पांचही वर्षें एकच मुलगा असे. "दाहिने सज" हा हुकूम झाला म्हणजे उजवा हात लांब करून मूठ शेजाऱ्याच्या खांद्याला लावावयाची, मान उजवीकडे वळवावयाची, आणि त्याच्या रेषेंत आपण यावयाचें. अशा रीतीनें शेंकडों वेळां मी माझी रेषा त्याच्यावरून नीट केली. आम्हां सर्वांत खरा वैमानिक व्हावयाचा तो तोच, असें सरांसकट सर्वांना वाटे. 'ए', 'बी', 'सी' हीं तिन्ही प्रमाणपत्रें त्यानें उत्तम रीतीनें मिळविलीं. परंतु वायुदलाच्या वैद्यकीय तपासणींत त्याची दृष्टि आड आली. त्यानें चार दिवस कोणाशीं बोलणें टाकलें. पांचव्या दिवशीं तो कवाईतीला आला व नव्या मुलांना पट्टा कसा बांधावा हें शिकवूं लागला. पुढें तो एका रुग्णालयांत परिचारक झाला. २०२१ च्या उन्हाळ्यांत कोविडची दुसरी लाट आली, तेव्हां तो रात्रंदिवस प्राणवायूचे सिलिंडर ओढीत होता. मे महिन्यांत त्या रोगानेंच तो गेला. त्या दिवसांत कोणाच्या अंत्यविधीस कोणी जाऊं शकत नव्हतें. मीही गेलों नाहीं.

वर्षभरानें त्याची आई शाळेंत आली. कापडी पिशवींतून तिनें निळी टोपी, तिच्यावरील बिल्ला आणि पहिलें प्रमाणपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलें. मला ती लहानपणापासून ओळखते. ती म्हणाली, "बाळा, ह्याचें नांव शाळेंत कोठें लागेल का रे?"

वाचकहो, प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपें नव्हतें. देश आपल्या वीरांचें स्मरण करतो, तें योग्यच आहे. दिल्लींतील राष्ट्रीय युद्धस्मारकावर, जें २०१९ सालीं उघडलें, पंचवीस हजारांहून अधिक नांवें कोरलीं आहेत. आपल्या पुण्यांतही नागरिकांच्या वर्गणींतून उभें राहिलेलें युद्धस्मारक आहे. तेथें ठेवलेलें मिग विमान पाहावयास आम्ही दरवर्षीं मुलांना नेतों. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरच्या आकाशांत एकट्यानें झुंजत धारातीर्थीं पडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, वायुदलांतील एकमेव परमवीरचक्राचे मानकरी, यांचें चरित्र मी मुलांना सांगतों, तेव्हां वर्गांत टांचणी पडली तरी ऐकूं येईल. आमच्या सभागृहांतही युद्धांत पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची एक शिळा आहे. परंतु जो युद्धांत पडला नाहीं, जो विमानांत बसलाच नाहीं, त्याचें नांव कोणत्या शिळेवर लावावें? आणि त्याचें लावावें, तर त्याच्यासारख्या इतरांचें कां नाहीं?

"मावशी, थोडें बसा," एवढेंच मीं म्हटलें, आणि भांडारांतून पथकाच्या जुन्या पटवह्या आणविल्या. १९६५ पासूनच्या त्या वह्या. कांहींना वाळवी लागलेली, कांहींची शाई उडालेली. १९९३ चें पान उघडलें. अनुक्रमांक, नांव, जन्मतारीख, उंची, पालकाची सही. तिनें बोटानें एकेक ओळ खालीं खालीं वाचीत नेली, आणि एका ओळीवर तें बोट थांबलें. पालकाच्या सहीच्या रकान्यांत तिचीच सही होती. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "येथें तर आहेच कीं."

तेव्हांपासून आम्हीं एक प्रघात पाडला आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारीं छात्रसेना दिन असतो. त्या दिवशीं संचलन झाल्यावर जुन्या पटाचें एक पान मोठ्यानें वाचलें जातें; सर्वच्या सर्व नांवें, अधिकारी झालेल्यांचीं व न झालेल्यांचीं, त्याच क्रमानें. त्याआधीं तीन महिने प्रत्येक छात्र एकेका नांवाचा शोध घेतो, पत्ता लागला तर भेटावयास जातो, आणि त्या नांवापुढें दोन ओळी लिहून आणतो. मुलांनीं आजवर जें आणलें आहे, तें मला कोणत्याही धड्याहून मोलाचें वाटतें. एका पानावर वायुदलांतील एक निवृत्त अधिकारी निघाले; त्याच पानावर एस. टी. चे एक चालक, एक बेकरीवाले, दोन शिक्षक आणि पानशेतजवळ शेती करणारे एक गृहस्थ निघाले. शेतकरी गृहस्थांनीं भेटावयास गेलेल्या मुलीला वाऱ्याची दिशा पाहून पाऊस कसा ओळखावा, हें छात्रसेनेंत शिकल्याप्रमाणें समजावून सांगितलें. एस. टी. चालकांनीं आपले बूट दाखविले. ते चकचकीत होते.

आतां पालकांना उत्तर. या शाखेनें तुमचा मुलगा वैमानिक होईलच, असें मी सांगणार नाहीं. शंभरांत एखादाच होतो. परीक्षेचा अभ्यास मागें पडेल काय, तर आठवड्याचे दोनतीन तास जातील, हें खरें. पण वेळेवर उठणें, आपलें काम आपण करणें व दुसऱ्याच्या रेषेंत आपली रेषा मिळविणें, हें जो शिकला त्याचा अभ्यास सहसा मागें पडत नाहीं. मुलींच्या पालकांना एवढेंच सांगतों कीं, २०१६ सालीं आपल्या वायुदलांत पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ विमानांच्या वैमानिक झाल्या. तेव्हां मुलीला मागें ठेवण्याचें कारण आतां आकाशाकडून तरी उरलेलें नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, जूनमध्यें नवी निवड होईल. पटावर नांव घालण्यापूर्वीं एक रात्र विचार करा. गणवेश दोनतीन वर्षांनीं परत करावा लागतो, प्रमाणपत्र पेटींत जातें. परंतु पटावरील ओळ तशीच राहते, आणि केव्हां तरी, तुम्हांला न ओळखणारा एखादा मुलगा ती ओळ घेऊन तुमच्या दारीं येईल. त्या दिवशीं त्याला सांगावयास तुमच्याजवळ कांहीं असावें, एवढ्याचसाठीं रोज बूट पुसावयाचे असतात.