मांडवीच्या काठी, गरी टाकून

गोव्याचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रथम उभी राहतात ती मंगेशी, शांतादुर्गा ही दैवते. इंदूर-बडोद्याकडील काही घराण्यांचे मूळ तिकडचेच. म्हणून थंडीत रजा मिळाली की अभिषेक, महानैवेद्य आणि परतीचे तिकीट, हा यात्रेचा ठरलेला क्रम. या क्रमात एखादी सकाळ मोकळी ठेवावी आणि ती मांडवीच्या काठी गरी टाकून बसलेल्या मंडळींच्या सहवासात घालवावी, अशी वाचकांना विनंती आहे.

गरी म्हणजे गळ. पणजीहून रायबंदरकडे जाणारा, पोर्तुगीज अमदानीत १६३३-३४ साली बांधलेला सुमारे ३ किलोमीटरांचा दगडी सेतू हे या मंडळींचे एक आवडते ठिकाण. कोणी आग्वादच्या कातळांवर उभा असतो, तर कोणी मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात होडी घालतो.

हा छंद हिवाळ्यातच का बहरतो, याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात मांडवी गढूळ, गोड्या पाण्याने फुगलेली असते. पाऊस सरला की गाळ खाली बसतो, पाणी नितळते आणि समुद्राचे खारे पाणी पात्रात वर चढू लागते. भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. ज्या पौष-माघात ग्वाल्हेरला शेगडीपाशी हात शेकावे लागतात, त्याच दिवसांत इथल्या समुद्राचे पाणी २७-२८ अंश सेल्सियस असते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगत लाटा कमी. दुपारी वारा फिरला की पाणी खवळते. म्हणून जाणते लोक उजाडायच्या आतच जागा धरतात.

वेळ साधण्यासाठी घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याहून थोडी आधी येते. पुढे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. खाजण शेतांच्या बांधांना मानस नावाची लाकडी दारे असतात. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतल्या पाण्याबरोबर कोळंबी बाहेर येते. तिच्या वाटेवर टपून बसलेला असतो चणाक, म्हणजे आपल्या कोकणातला जिताडा. जिवंत कोळंबी लावलेली गरी त्याने गिळली की तो पाण्याबाहेर उसळी घेतो, डोके झटकतो. त्याच्या कल्ल्यावरील झाकणाची कड इतकी धारदार की ताणलेली दोरी सहज तुटते.

अशाच एका सकाळी एका तरुणाने मोठा चणाक काढला, त्याची लांबी मोजली आणि त्याला अलगद पाण्यात सोडून दिले. शेजारी बांबूची काठी घेऊन बसलेले एक वृद्ध गृहस्थ हळहळले. ताटात वाढलेले अन्न उठून टाकावे, तसे त्यांना वाटले. त्यांच्या घरी सायंकाळची आमटी या काठीवर अवलंबून होती. तरुणाचा निव्वळ खेळ आणि आजोबांचा संसार, असा हा वाद मला प्रथम वाटला.

परंतु तरुणाचे म्हणणे शास्त्राला धरून होते. चणाक लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने थोराड झाल्यावर, मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे मासे बहुधा माद्याच. एकेक मादी लक्षावधी अंडी घालते. मोठा मासा मारणे हीच मर्दुमकी मानली, तर नदीतील आयाच आपण वेचून काढू. आजोबा ऐकत होते. ते म्हणाले, की पोरासोरांएवढे मासे त्यांनी कधी ठेवले नाहीत. मोठ्यांविषयी मात्र त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. लहान सोडायचे ते त्यांना अजून नर म्हणूनही वाढता आले नसते म्हणून, मोठे सोडायचे ते माद्या म्हणून, आणि घरी न्यायचे ते मधले. दोघांचे एकमत येथवर आले. वादाचा असा निकाल मी सभागृहांतही क्वचित पाहिला आहे.

सोडून देण्यालाही रीत आहे. ओल्या हातांनी मासा धरावा, जबड्याला लटकवू नये, छायाचित्राच्या हौसेपायी उन्हात ठेवू नये; नाहीतर पाण्यात गेलेला मासाही जगत नाही. शिवाय बांध फुटले, मानशी मोडल्या, खारफुटी तुटली, तर पिल्लांना आसराच उरणार नाही; मग गरीवाल्यांचा कितीही संयम निरुपयोगी.

पुढच्या यात्रेत मंगेशीला निघण्यापूर्वी पंचांगात तिथी पाहावी आणि ओहोटीच्या वेळी रायबंदरच्या सेतूवर तासभर थांबावे. गरी टाकता येत नसली तरी शेजारी बसायला तेथे कोणी हरकत घेत नाही; फक्त आवाज हळू ठेवावा लागतो.