उसन्याचा हिशोब

माझ्या कामात ‘उसनं’, ‘मालकी’ आणि ‘चोरी’ हे शब्द रोज येतात. एकदा मी फोनवर सहकाऱ्याला म्हणत होते, “ते चोरलं जातं, म्हणून आपण परत सोडायचं नाही.” सासूबाईंनी ते ऐकलं आणि फोन ठेवल्यावर हळूच विचारलं, “काय गं, हापिसात सगळं ठीक आहे न्हवं?”

शब्द माझे नाहीत. पायथन या संगणकभाषेच्या कागदपत्रांतच ते तसे आहेत. संगणकाच्या स्मृतीत आपण एखादी वस्तू ठेवली, एक चित्र म्हणा, की पायथन तिच्यावर एक आकडा लिहून ठेवतं: आत्ता तिला कितीजणांनी धरलंय. नवा कुणी धरला की एक वाढतो, कुणी सोडलं की एक कमी होतो. शून्य झालं की जागा मोकळी. ही मोजण्याची रीत जॉर्ज कॉलिन्स यांनी 1960 साली मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थींनी लिस्प भाषेसाठी दुसरी रीत सांगितली: जे वापरात आहे त्यावर खूण करत जा, बिनखुणेचं ते कचरा. नुसतं पायथन लिहिणाऱ्याला यातलं काही बघावं लागत नाही. घंटागाडी दारात येते, कचरा नेते.

पण काम जड असलं, चित्रं तपासणं किंवा मोठी गणितं, की तेवढा भाग सी भाषेत लिहून पायथनला जोडतात. घराच्या मागं वाढवलेली खोलीच ती. तिथं घंटागाडी येत नाही. आकडा आपल्या हातानं वाढवायचा, त्याचं नाव इन्क्रेफ. हातानंच कमी करायचा, ते डिक्रेफ.

बस्तीच्या भांडारातून लग्नाला पातेली आणतो तेव्हा वहीत नाव लिहितो, परत दिली की खोडतो. खोडायचं राहिलं तर पातेलं फळीवर असूनही कुणाला मिळत नाही. आणि नाव न लिहिताच आणलं, तर ऐन पंगतीत कुणीतरी येऊन उचलून नेणार, आतल्या आमटीसकट. सी मधल्या चुका या दोनच.

दोन वर्षांपूर्वी एका रक्ततपासणीच्या लॅबचं काम आमच्याकडं आलं. काचपट्ट्यांची चित्रं बघून रक्तातल्या पेशी मोजणारा प्रोग्राम. रात्रभर चालायचा, पहाटेला जड व्हायचा आणि कधीकधी पडायचा. सकाळी रिपोर्टवर ज्यांचं औषध ठरायचं, ती माणसं बाकावर बसून राहायची. वरच्यांनी उपाय काढला: रोज रात्री तीनला बंद करून पुन्हा चालू करा. मला ते पटलं नाही. तीन वाजता जी काचपट्टी अर्ध्यावर असेल, तिच्या माणसानं काय करायचं?

एक चित्र 2000 बाय 1500 ठिपक्यांचं, ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे 90 लाख बाइट. अशी 100 चित्रं अडकली की 90 कोटी. ती अडकत होती ती अशी: फंक्शनच्या सुरुवातीला चित्र धरलेलं, शेवटच्या ओळीत सोडलेलं. वरून खाली वाचलं तर सगळं नीट. पण मधे एक अट होती. पट्टीवरचा नंबर वाचता आला नाही, तर तिथूनच परत फिरायचं. मग शेवटची ओळ येतच नव्हती. पुसट नंबराची प्रत्येक पट्टी आपलं चित्र मागं ठेवून जात होती. सहा रात्री गेल्या, बदल एका ओळीचा. “एवढंच?” साहेब म्हणाले.

खरं सांगू, अडकलेलं परवडतं. वेळेआधी सोडलेलं नाही. सी मधून यादीतली एखादी वस्तू मागितली तर जुनं फंक्शन ती उसनी देतं, आकडा न वाढवता. आपण तिच्याशी काम करत असताना दुसऱ्या कुणी ती यादीतून काढली, की आकडा शून्य, जागा दुसऱ्याला. प्रोग्राम तिथं पडेलच असं नाही. तासाभरानं भलतीकडंच पडतो, आणि तिथला बिचारा निष्पाप असतो. मालकीसकट वस्तू देणारं फंक्शन 2024 साली, पायथन 3.13 मध्ये आलं. इतक्या उशिरा का, हे त्यांनाच ठाऊक.

दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं तर आकडा शून्यावर येतच नाही. त्यासाठी 2000 सालच्या 2.0 पासून पायथनात वेगळा झाडूवाला आहे. पण सी मध्ये घडवलेली वस्तू कुणाकुणाला धरून आहे, हे तिनं स्वतः सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर बाहेरून कुणी धरलंय असं समजून तो तसाच पुढं जातो.

आता निपाणीची एक मुलगी माझ्या हाताखाली आलीय. तिला मी कोड उलटा वाचायला सांगते. जिथं जिथं ‘रिटर्न’ दिसेल तिथं थांब, आणि त्या क्षणी हातात काय काय आहे ते मोज. लॅबच्या त्याच प्रोग्राममध्ये परवा तिनं आणखी दोन जागा काढल्या.