आधी मधली शीर

माझी नोकरीच पानं बघण्याची. कृषी विस्तार अधिकारी म्हणून उभी हयात बांधावर हिंडलो. पण पान कसं बघावं, हे कळलं पन्नाशीत, धाकट्या लेकीच्या चित्रकलेच्या वहीत.

ती एलिमेंटरी परीक्षेची तयारी करत होती. मी ऐटीत जास्वंदीचं पान काढून दाखवलं. ती हसली, "बाबा, हे तर विड्याचं पान!" मी एकदम कडाच रेखाटली होती.

तिनं पेन्सिल घेतली. आधी मधली शीर. पान वाकलंय तशीच वाकलेली एक हलकी रेघ. तिच्या दोन्ही अंगांना पुसट कमानी, म्हणजे रुंदी कुठं आणि निमुळतेपणा कुठं ते ठरतं. मग बाजूच्या शिरा, टोकाकडं झुकत्या. पान जिथं फुगतं किंवा दुमडतं, तिथं शिराही तशाच वळवायच्या. कडेचे दाते शेवटी. रंग न लावता पान कागदावरून उठून दिसलं. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांच्या गावात जन्म काढून मला हे ठाऊक नव्हतं!

ती शीर बघताना 1998 सालचं एक रान आठवलं. शिरोळ तालुक्यात एकाचा उन्हाळी भुईमूग पिवळा पडला होता. मी बांधावरूनच बघितलं आणि "नत्र कमी आहे, युरिया टाका" म्हणून मोकळा झालो. त्यांनी उसनवारी करून पोतं आणलं. पीक काही सुधारलं नाही. रान चुनखडीचं, कमतरता होती लोहाची. नत्र कमी पडलं की बुडाची जुनी पानं आधी सबंध फिकी होतात. लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तिथं हिराकसची फवारणी हवी होती.

"सायेब, तुम्ही पान हातात घेतलंच न्हाई," एवढंच ते म्हणाले. त्या पोत्याचे पैसे मी दिले नाहीत, ही बोच अजून आहे.

आता माझ्या पिशवीत कोरी वही असते. घरातल्या पोरांना सांगतो, शेंड्याचं एक आणि बुडाचं एक पान काढा, हिरवं कुठं आणि पिवळं कुठं ते दाखवा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. काढताना पान हातात घ्यावंच लागतं. खताचं पोतं त्यानंतर आणावं.