जाळीच्या आधी मोजमाप

पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठणं मागे पडलं की निडी येतं आणि मग रोहा. अलीकडे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, पलीकडे धाटावची औद्योगिक वसाहत. दहावीच्या सुट्टीत चार पैसे मिळवू पाहणाऱ्या इथल्या मुलाला रसायनांच्या या कारखान्यांत काम मिळू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण रायगड जिल्ह्यात आता आणखी एक काम उभं राहिलं आहे. अलिबाग, नागाव, किहीम, मांडव्यापासून कोलाड-कर्जतपर्यंत बंगले, फार्महाऊस, रिसॉर्ट झाले आणि त्यांच्या अंगणात पोहण्याचे तलाव आले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट समुद्र ओलांडू लागले. शनिवार-रविवारी तलाव निळाशार दिसायला हवा, म्हणून राखणदाराच्या किंवा माळ्याच्या मुलाच्या हातात जाळी दिली जाते. ‘पानं काढ, कडा घास, चमचाभर पावडर टाक,’ एवढंच त्याचं शिक्षण.

घोळ होतो तो या चमचाभर पावडरीपाशी.

तलावाचं पाणी साफ ठेवणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे. पाण्यात पुरेसा मोकळा क्लोरीन असला तर अतिसार घडवणारा ई. कोलाय जंतू मिनिटाच्या आत मरतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र नेहमीच्या मात्रेत कित्येक दिवस तग धरतो. म्हणूनच जुलाब झालेल्याला तलावात उतरू देऊ नये, हे पाटीवर लिहावं लागतं. २०२४ मध्ये केरळात साचलेल्या पाण्यात आंघोळ केलेल्या मुलांना अमीबामुळे मेंदूज्वर झाला आणि काही दगावली. पाणी दिसायला नितळ असणं आणि निर्धोक असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून नव्या मुलाच्या हाती जाळीच्या आधी मोजपट्टी द्यावी. तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असेल, तर त्यात ७० घनमीटर, म्हणजे ७० हजार लिटर पाणी मावतं. हजार लिटरमागे एक ग्रॅम क्लोरीन म्हणजे एक पीपीएम. मोकळा क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम असावा. तो दोन पीपीएमने वाढवायचा तर १४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. बाजारातल्या टीसीसीए-९० या ९० टक्के क्लोरीनच्या पावडरीचा हिशोब केला तर सुमारे १५५ ग्रॅम, आणि ३३ टक्क्यांच्या ब्लीचिंग पावडरीचा केला तर सव्वाचारशे ग्रॅम. ‘चमचाभर’ या मापाने यातलं काहीच ठरत नाही. नववीच्या मुलाला हे गणित सहज जमतं, आणि एकदा जमलं की तो निव्वळ सांगकाम्या राहत नाही.

दुसरं मोजमाप पीएचचं, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचं. तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. ७.५ पीएचला पाण्यातला जवळपास निम्मा क्लोरीन जंतू मारणाऱ्या जोरकस रूपात असतो; पीएच ८ झाला की हा वाटा पाव भागावर येतो. म्हणजे पावडर तेवढीच पडते, काम निम्मंच होतं. तलावाला ‘क्लोरीनचा वास’ येतो तेव्हा क्लोरीन जास्त झाला असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जी संयुगं बनतात, त्यांचा तो उग्र दर्प असतो. डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यांच्यामुळेच.

पावसाळ्यात कोकणातल्या तलावाची खरी परीक्षा असते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वरच्या मापाच्या तलावात पाच हजार लिटर नवं पाणी येतं. क्लोरीन पातळ होतो, पीएच ढळतो, पालापाचोळा कुजतो आणि बघता बघता पाणी हिरवं पडतं. मग आधी तळ आणि भिंती ब्रशने घासायच्या, तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढायचा आणि फिल्टरच्या काट्याकडे बघायचं. वाळूचा फिल्टर स्वच्छ असताना जो दाब असतो, त्याच्यावर आठ-दहा पीएसआय चढले की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची: पंप बंद, मग झडप फिरवायची, मग पंप चालू. पंप चालू असताना झडप फिरवली तर ती आतून फुटते. पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरच्या टोपलीत हात घालण्याआधी काठीने चाचपायचं. बेडकामागोमाग साप तिथे शिरतो. या कामाची शिस्त अशा बारीकसारीक गोष्टींतूनच अंगी बाणते.

काही गोष्टी मात्र मुलाच्या हाती देऊच नयेत. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका चमच्याने, ओल्या हाताने एकत्र आली तर पेट घेऊ शकते, स्फोट होऊ शकतो. क्लोरीनच्या पावडरीवर अ‍ॅसिड पडलं तर विषारी वायू सुटतो. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. महापालिकेच्या तलावावर असं घडू शकतं, तर बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत एकट्या पोराचं काय होईल?

कायद्याचं बोट याच दिशेला आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. १४ ते १८ वयोगटाला खाणी, स्फोटकं आणि घातक प्रक्रियांमध्ये घेता येत नाही. जिथे त्यांना काम देता येतं, तिथेही सलग तीन तासांनंतर विश्रांती, मधली सुट्टी धरून दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही आणि आठवड्याला एक सुट्टी, असे नियम आहेत. माझ्या मते सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने जाळी, ब्रश, व्हॅक्यूम, पाण्याची चाचणी आणि नोंदवही सांभाळावी. पावडर आणि अ‍ॅसिड त्याच्यादेखत मोठ्या माणसाने घालावं. एकट्याने तलावाच्या काठावर काम करू नये, आणि पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिकावं. विजेच्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलेला आहे ना, हे मुलाच्या वडिलांनी स्वतः बघावं.

हे काम शिकलेला मुलगा पुढे पाणीशुद्धीकरण, प्लंबिंग, हॉटेलांची देखभाल अशा कितीतरी वाटांनी जाऊ शकतो, कारण पाण्याचं रसायन सगळीकडे एकच असतं. त्यासाठी त्याला सुरुवातीला फार काही लागत नाही: क्लोरीन-पीएच तपासायचा संच, रबरी हातमोजे, चष्मा, वही आणि शिकवणारा एक जाणता माणूस. बंगल्यांच्या मालकांनी या दिवाळीत बक्षिशीबरोबर एवढं द्यावं, आणि पालकांनी मुलाला कामावर पाठवण्याआधी ते मागून घ्यावं.