हिला जमायचं नाही!

मैत्रिणींनो, 'हिला जमायचं नाही' हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलं आहे? वाईट हेतूनं म्हणत नाही हो कुणी. काळजीपोटीच म्हणतात. पण ते इतक्या वेळा कानांवर पडतं, की शेवटी कुणी विचारायच्या आत आपणच सांगून मोकळ्या होतो, "छे, छे, मला नाही जमायचं!" मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले होते. 2023 च्या एप्रिलपर्यंत!

त्याचं असं झालं. आमचा मुलगा नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये आइंडहोवनला राहतो. आम्ही दोघं सांगलीहून त्याच्याकडे दोन महिन्यांसाठी गेलो होतो. सूनबाई मोठी उत्साही. एके दिवशी जेवताना तिनं जाहीर केलं, "आई, बाबा, तुमच्यासाठी मी एक सहल ठरवली आहे. आठवडाभर बोटीवर राहायचं आणि दिवसा कालव्यांच्या काठाकाठानं सायकलवरून हिंडायचं!"

यजमानांचा घास हातातच राहिला. दोन वर्षांपूर्वीच त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. म्हणाले, "मला तर शक्यच नाही. आणि हिला जमायचं नाही."

"बाबा, तुम्ही बोटीतूनच जा. सायकल न चालवणारेही असतात तिथं. पण आईंना येते. त्यांनीच सांगितलंय मला."

सांगितलं होतं खरं. मी मूळची पुण्याची. शनिवार पेठेतून नदीचा पूल ओलांडून कॉलेजला जायची ती सायकलवरूनच. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा, म्हणून चौक दिसला की टुणकन उतरून हातात सायकल धरायची, असले उद्योगही केलेले. 1984 साली लग्न होऊन सांगलीला आले, तेव्हा सामानाबरोबर सायकलही आली. सासूबाई मायाळू होत्या, पण म्हणाल्या, "सून सायकलवरून हिंडली तर लोक काय म्हणतील?" सायकल धाकट्या भावजींना मिळाली. त्यांनी ती कॉलेजात दोन-तीन वर्षं चालवली, आणि मग ती भंगारात गेली. मी काही रडत बसले नाही. संसार, मुलं, आजारपणं, वेळ होता कुणाला? फक्त रस्त्यात कुठं सायकलची घंटी वाजली, की माझा अंगठा आपोआप हलायचा, एवढंच.

तर शनिवारी आम्ही अ‍ॅम्स्टरडॅमला बोटीवर दाखल झालो. पूर्वी माल वाहणारी लांबलचक बोट, आता आत छोट्या-छोट्या खोल्या केलेल्या. खोली म्हणजे रेल्वेचा डबाच. एकावर एक दोन बिछाने. गुडघ्यामुळं हे खाली आणि मी वर! बरोबर वीसेक प्रवासी. जर्मन, इंग्रज, कॅनडाचे. भारतातले आम्ही दोघंच.

संध्याकाळी सायकली वाटल्या. दांडी नसलेली, उंच हँडलची, ताठ बसायची सायकल. पंजाबी ड्रेसवर छान बसता आलं. चार पायडलं मारली आणि काय सांगू, सगळं आठवलं! पण आनंदाच्या भरात जुन्या सवयीनं पायडल उलटं फिरवलं, आणि सायकल जागच्या जागी थांबली. त्या सायकलीचा मागचा ब्रेक पायडलातच! उलटं मारलं की चाक थांबतं. मी विटांच्या रस्त्यावर आडवी. कोपर सोलवटलं. डेकवरून आवाज आला, "बघ! म्हटलं नव्हतं मी?"

रात्री वरच्या बिछान्यावर पडल्या-पडल्या मी मनाशी ठरवूनच टाकलं, की आता आठवडाभर डेकवर बसून विणकाम करायचं.

सकाळी आमची गाइड, साठी ओलांडलेली डच बाई, काही समजूत घालायला आली नाही. तिनं नुसती माझ्या सायकलीची सीट दोन बोटं खाली घेतली आणि म्हणाली, "आता दोन्ही पाय टेकतील. ब्रेकची सवय व्हायला एक दिवस लागतो." झालं! तिनं आग्रह केला असता, तर मी नक्की नाही म्हटलं असतं. म्हटलं, पहिल्या पुलापर्यंत तरी जाऊन येऊ. पहिला पूल गेला, दुसरा गेला, आणि मग मी मोजणं सोडून दिलं.

तो देश सायकलीसाठीच केला आहे असं वाटतं. चढ जवळजवळ नाहीच. सायकलींचा रस्ता वेगळा, बहुतेक ठिकाणी तांबूस रंगाचा. चौकाचौकात हिरव्या आकड्यांच्या पाट्या. एका आकड्यावरून पुढच्या आकड्याकडे जायचं. मी वाण्याच्या यादीसारखे आकडे कागदावर लिहून घ्यायची. देशात माणसांपेक्षा सायकली जास्त! मला वाटलं, हे पूर्वीपासूनच असं असणार. गाइड म्हणाली, मुळीच नाही. 1971 साली त्या लहानशा देशात एका वर्षात तीन हजारांवर माणसं रस्त्यांवरच्या अपघातांत गेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यांवर उतरले. चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. त्यातच 1973 साली तेलाची टंचाई आली आणि रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. रिकाम्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन आले. त्या काळापासून सरकारचं धोरण हळूहळू बदलत गेलं. म्हणजे मी ज्या रस्त्यावरून मजेत चालले होते, तो कुणीतरी भांडून मिळवलेला होता.

दुसऱ्या दिवशीची गंमत सांगते. आम्ही खाऊडाच्या वाटेवर होतो. हो, आपण ज्याला 'गौडा चीज' म्हणतो ते गाव! वाटेत बॉस्कोप लागतं. सगळीकडे रोपवाटिका, चर खणून केलेल्या अरुंद पट्ट्यांवर झाडांच्या रांगाच रांगा. तिथं कालव्यावर उचलता पूल आहे. घंटा वाजली, फाटक पडलं आणि रस्त्याचा तुकडाच्या तुकडा दोन मनोऱ्यांमधून लिफ्टसारखा सरळ वर गेला. खालून एक बोट येत होती. पाहते तो आमचीच! आणि डेकवर कानटोपी घालून, कप हातात धरून आमचे हे! मी घंटी वाजवली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, मी दिसले मात्र, आणि काय हो, हातातला कप सावरत लहान मुलासारखा हात हलवायला लागले. बोट पुढं गेली, तरी हलवतच होते.

संध्याकाळी बोटीवर परतले, तर ते फळीशी उभे. "बराच उशीर केलात," म्हणाले. आणि मग, "काय काय पाहिलंस?"

मैत्रिणींनो, एकोणचाळीस वर्षं संध्याकाळी त्यांच्या स्कूटरचा आवाज ऐकून आधण ठेवणारी मी. 'आज काय झालं बँकेत' हे विचारणारी मी. मला कुणी विचारावं असं माझ्या दिवसात काही घडतं, हे मलाच नवीन होतं. बोलता-बोलता मी जेवायचं विसरले!

त्यानंतरचे दिवस सगळे मजेचेच होते असं नाही हं. स्खोनहोवनला सायकली तरीवर चढवून लेक नदी ओलांडली आणि पलीकडच्या बांधावरून निघालो, तर समोरून असा वारा, की पायडल मारूनही सायकल पुढं सरकेना. वर पाऊस. आणि तो बांध! एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाली कुरणं, गाई, घरं. नदीचं पाणी वर आणि माणसं खाली. माझ्या पोटात गोळा आला. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या घरात खिडकीपर्यंत चढलं होतं. तो वास अजून नाकातून जात नाही. मी गाइडला विचारलं, "या बायकांना रात्री झोप कशी लागते?"

ती म्हणाली, "आम्ही जागं राहायला माणसं नेमली आहेत." तिथं पाण्यासाठी वेगळी मंडळं आहेत, तेराव्या शतकापासून चालत आलेली. आज अशी 21 आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, कर वेगळा भरावा लागतो. तरीही 1953 च्या फेब्रुवारीत एका रात्रीत समुद्राचे बांध फुटले आणि हॉलंडमध्ये 1,836 माणसं गेली. तिथून पुढं त्यांनी समुद्राच्या तोंडांवर मोठमोठे बांध आणि दरवाजे उभारले, ते काम पुरं व्हायला दशकं लागली. पुढं किंडरडाइकला एकोणीस पवनचक्क्या पाहिल्या. बहुतेक 1740 च्या सुमाराच्या. त्या दळण दळायच्या नव्हेत. खालचं पाणी उचलून वरच्या तळ्यात टाकायच्या, आणि तिथून ते नदीत सोडायचं. काहींत अजून कुटुंबं राहतात. एका चक्कीत आत जाता येतं. कपाटात केलेले पलंग आणि तेवढ्याशा जागेतला सगळा संसार. तिथल्या बाईनं मुलं सांभाळून फिरत्या पात्यांवरही लक्ष ठेवलं असेल, हे सांगायला कुणी लागलं नाही.

त्या दिवशी मी नखशिखांत भिजून परतले. खोलीत टेबलावर चहा. आलं घातलेला, दुधाचा! बोटीच्या आचाऱ्याकडून पातेलं मागून यांनी स्वतः केलेला. ज्यांना आमच्या घरात चहाचा डबा कुठल्या फळीवर आहे ते ठाऊक नाही, त्यांनी! साखर जास्त होती. मी एक शब्द बोलले नाही. त्यांनाही सांगायचं होतं. खाऊडाजवळ बोट लॉकमध्ये शिरून दरवाजे बंद झाले आणि पाणी कसं बदललं, ते त्यांनी मिठाची-मिऱ्याची बाटली घेऊन समजावलं. "पाण्याचा जिना आहे गं तो!" मग जरा थांबून म्हणाले, "दिवसभर वाट पाहायची म्हणजे करमत नाही."

मी नुसतं "हं" म्हटलं.

डेल्फ्टची निळी भांडी, लायडनचे कालवे, सगळं लिहायचं तर पानं पुरायची नाहीत. शेवटच्या दिवसाचं मात्र सांगते. लायडनहून हार्लेमकडे जाताना ट्यूलिपची शेतं लागतात. लाल, पिवळे, जांभळे पट्टे, पैठणी वाळत घातल्यासारखे. एका शेतात यंत्र फिरत होतं आणि ताज्या फुलांची मुंडकी उडवत होतं! बांधावर फुलांचा ढीग. मी कळवळून विचारलं. गाइड म्हणाली, इथं फुलं विकत नाहीत, कंद विकतात. फूल राहिलं तर सगळं बळ त्यातच जातं. कंद पोसायचा तर फूल वेळेवर खुडावंच लागतं.

रात्री हे मी यजमानांना सांगितलं, सहज. ते खिडकीतून काळ्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझी ती सायकल धाकट्याला द्यायला नको होती."

एकोणचाळीस वर्षांत त्या सायकलीचं नाव आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. मला वाटलं होतं, ती फक्त माझ्याच लक्षात आहे. डोळे भरून आले, म्हणून मी म्हटलं, "चहा निवतोय."

सहा दिवसांत मी दोनशेच्या वर किलोमीटर सायकल चालवली. माझं वय तेव्हा एकसष्ट. ज्यांना मुलांकडे जायचा योग येईल, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. आधी महिनाभर रोज अर्धा तास सराव करा. सहल ठरवताना विजेवर चालणारी सायकल मिळते का, ते विचारा. गुडघ्यांना सोपी पडते. फुलं पाहायची तर एप्रिलचा मध्य ते मेचा आरंभ बरा. हलका रेनकोट, सीटवर घालायचं मऊ कव्हर आणि चपलेऐवजी बूट हवेतच. बोटीवर न्याहारीच्या वेळी दुपारचा डबा आपणच भरून घ्यायचा असतो, ब्रेड आणि चीजचा. शुद्ध शाकाहारी असाल तर विचारून घ्या, कारण तिथलं पारंपरिक चीज पुष्कळदा वासराच्या पोटातल्या रेनेटनं केलेलं असतं. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. कॅनडाच्या बाईंनी ती पावाला लावून संपवली!

सांगलीला परतल्यावर मी एक जुनी लेडीज सायकल घेतली. सकाळी सहाला, रस्ते मोकळे असताना, भाजी आणायला जाते. पहिल्या दिवशी समोरच्या वहिनी गॅलरीतून पाहत होत्या. आठ दिवसांनी म्हणाल्या, "मलाही येत होती हो पूर्वी." आता रविवारी त्यांना द्यायची ठरली आहे.

परतते तेव्हा चहा तयार असतो. रोज नाही हं! पण असतो. साखर अजून जास्तच पडते.